‘यू ऑलराइट?’ला उत्तर काय द्यायचं? हॅलो, हाय आणि व्हॉट्स अपची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप.)

इयरफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार आणि बसमध्ये एका हाताने दांडी धरून वाचणाऱ्यांनाही नमस्कार.

आजच्या भागाची सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीने मला सहा महिन्यांसाठी इंग्लंडमधल्या लीड्सला पाठवलं होतं. पहिलाच दिवस. ऑफिसच्या पॅसेजमधून चाललोय, समोरून एक पन्नाशीचा माणूस आला आणि न थांबताच म्हणाला, ‘यू ऑलराइट?’

मी थांबलो. मला वाटलं, आपण आजारी दिसतोय की काय? रात्रभर प्रवास झालेला, डोळे लाल असणार. म्हणून मी नीट उत्तर द्यायला सुरुवात केली की हो, मी ठीक आहे, फक्त झोप झाली नाही, आणि इथे थंडी जरा जास्त आहे... एवढं होईस्तोवर तो माणूस दरवाजा ढकलून पलीकडे गेलेला. मी वॉशरूममध्ये जाऊन आरशात चेहरा बघून आलो. खरंच.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस. या वेळी म्हणाला, ‘नाऊ देन.’ आता याचं काय करायचं? नाऊ म्हणजे आत्ता, देन म्हणजे तेव्हा. आत्ता तेव्हा! नंतर कळलं, यॉर्कशायरमध्ये हा चक्क नमस्कार आहे. आपण नाही का म्हणत, ‘काय मग?’ तसाच.

मी बार्शीचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बीटेक, मग पुण्यात नोकरी. कोड लिहिताना इंग्रजीची अडचण कधी आली नाही. डॉक्युमेंटेशन वाचतो, ईमेल लिहितो, क्लायंटला डिझाइन समजावतो. पण चालता चालता कुणी दोन शब्द टाकले की माझं गाडं अडायचं. कारण शाळेत आपण एकच जोडी पाठ केली होती. हाऊ आर यू? आय ॲम फाइन, थँक यू. अख्खा वर्ग एका सुरात. प्रत्यक्षात ही जोडी त्या पुस्तकी रूपात मला क्वचितच ऐकू आली.

तेव्हा मी ठरवलं, या शब्दांच्या मागे जायचं. हे आले कुठून? आणि प्रश्न विचारून उत्तर न ऐकता निघून जाणारी ही माणसं उद्धट आहेत की आपलंच काही चुकतंय? आज त्याचीच गोष्ट.

तब्येत विचारणारी भाषा

हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत भेटल्यावर ‘वेस हाल’ अशा धर्तीचं काही म्हणत. अर्थ सरळ होता, निरोगी राहा. त्यातला ‘हाल’ म्हणजे आजच्या ‘हेल्थ’ आणि ‘होल’ या शब्दांचा नातेवाईक. म्हणजे अभिवादनात तब्येतीची चौकशी पहिल्यापासून होतीच. आपल्याकडेही ‘क्षेमकुशल’ आहे, ‘खुशाल आहात ना’ आहे.

पुढे सतराव्या शतकाच्या सुमारास ‘हाऊ डू यू डू’ रूढ झालं. शब्दशः बघितलं तर ‘तुम्ही कसं करता?’ असं विचित्र वाटतं. पण इथल्या ‘डू’चा अर्थ करणं नाही. कसं चाललंय, दिवस कसे जाताहेत, असा तो जुना अर्थ आहे. गंमत पुढे आहे. सभ्य समाजात याचं ठरलेलं उत्तर काय? ‘हाऊ डू यू डू!’ प्रश्नाला तोच प्रश्न. प्रश्नाचा प्रश्नपणा कधीच संपला होता, राहिला होता फक्त आकार.

आणि सतत वापरलेला आकार झिजतो. ‘हाऊ डू यी’ हे भरभर म्हणता म्हणता ‘हाऊडी’ झालं, तेच अमेरिकेच्या दक्षिणेत आणि पश्चिमेत घट्ट रुजलं. सिनेमातला टोपीवाला काउबॉय म्हणतो ते हेच.

सगळ्यात जास्त झिजलेला शब्द मात्र निरोपाचा आहे. गुडबाय. मला लहानपणापासून वाटायचं, गुड मॉर्निंगसारखं काहीतरी ‘गुड’ असणार. मुळात तिथे ‘गुड’ नाहीच! मूळ वाक्य होतं ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे देव तुझ्यासोबत असो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पत्रांत त्याची आखडलेली रूपं सापडतात. पुढे गुड डे, गुड नाइट यांच्या संगतीत ‘गॉड’चा ‘गुड’ झाला. मग नुसतं बाय. आज नास्तिक माणूसही फोन ठेवताना नकळत देवाच्या हवाली करून जातो.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रज लोक फारच आळशी. थांबा. तुमच्या आजोबांची जुनी पत्रं घरात असतील तर काढून बघा. वर काय लिहिलेलं असतं? ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आठ अंगं जमिनीला टेकवून केलेला नमस्कार आपण चार अक्षरांत बसवला. आणि घरातून निघताना ‘जातो’ म्हणालात तर आई लगेच ओरडते, ‘जातो काय, येतो म्हण!’ म्हणजे जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाला हे शब्दशः समजावून बघा, तो पॅसेजमध्ये माझ्यासारखाच उभा राहील.

टोपी काढायची की नाही?

अभिवादन म्हणजे फक्त गोड बोलणं नसतं. कोण कुणापुढे वाकतं, हे त्यात ठरतं. म्हणूनच त्यावरून भांडणं झाली आहेत, लोक तुरुंगातही गेले आहेत.

सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये क्वेकर नावाचा पंथ उभा राहिला. त्याचे प्रवर्तक जॉर्ज फॉक्स. त्यांचं म्हणणं असं, की देवापुढे सगळी माणसं सारखी, तर मग श्रीमंतापुढे टोपी काढायची नाही. ‘गुड मॉरो’, ‘गुड ईव्हनिंग’ हेसुद्धा म्हणायचं नाही, कारण त्यात पोकळ शिष्टाचार आहे. आणि मोठ्या माणसालाही आदरार्थी ‘यू’ म्हणायचं नाही, सगळ्यांना ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’. कल्पना करा, तुम्ही तहसीलदाराला ‘काय रे तू’ म्हणालात! लोक भडकले.

१६७० मध्ये विल्यम पेन या क्वेकरवर लंडनमध्ये खटला चालला. हेच पेन, ज्यांनी पुढे पेन्सिल्व्हेनिया वसवलं. कोर्टात त्यांच्या डोक्यावरची टोपी आधीच उतरवलेली होती. ती पुन्हा डोक्यावर ठेवायला लावली आणि मग टोपी न काढल्याबद्दल दंड केला!

हे वाचताना मला आपल्याकडचा एक शब्द आठवला. जोहार. जातिव्यवस्थेत महार समाजातल्या माणसाने वरच्या म्हणवणाऱ्या जातींपुढे घालायचा नमस्कार म्हणजे जोहार. चोखोबांच्या अभंगांतही तो येतो. विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीने तो नाकारला आणि त्या जागी ‘जय भीम’ आला. तो अभिवादन म्हणून रूढ करण्याचं श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं. वाकून एका बाजूने घालायचा नमस्कार गेला आणि दोन्ही बाजूंनी ताठ मानेने म्हणायचा नमस्कार आला. हा बदल दोन शब्दांचा दिसतो, पण त्यामागे केवढी लढाई आहे!

हे मनात ठेवा, कारण आता येणारा शब्दही बरोबरीचाच आहे.

हॅलो: एका यंत्राने दिलेला नमस्कार

‘हॅलो’ हा शब्द जुनापुराणा असेल असं वाटतं ना? तसा तो नाही. छापील इंग्रजीत तो या रूपात १८२०च्या दशकात दिसू लागतो. त्याआधी हॅलो, हल्लो, होला अशी भावंडं होती. पण ती सगळी हाक मारण्यासाठी. शिकारी कुत्र्यांना ओरडून चेतवायला, नदीपलीकडच्या नावाड्याला बोलवायला, किंवा आश्चर्य वाटलं तर. ‘अरेच्चा, हे काय!’ या अर्थाने. भेटल्यावर नमस्कार म्हणून नाही.

मग आला टेलिफोन. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना ७ मार्च १८७६ रोजी पेटंट मिळालं आणि तीनच दिवसांनी त्यांनी शेजारच्या खोलीतल्या वॉटसन या सहकाऱ्याला तारेवरून हाक मारली. आता प्रश्न असा आला, की समोरचा माणूस दिसत नाही, तर बोलायला सुरुवात कशी करायची? तेव्हाच्या शिष्टाचारात ओळख करून दिल्याशिवाय अनोळखी माणसाशी बोलणं बरं दिसत नसे. दिवसाची वेळ बघून गुड मॉर्निंग म्हणायचं, हुद्दा बघून सर म्हणायचं. फोनवर यातलं काहीच कळत नाही.

बेल यांची पसंती होती ‘अहॉय’ला. जहाजावरून जहाजाला मारायची ही हाक. ते स्वतः फोनवर तोच शब्द वापरत राहिले. पण थॉमस एडिसन यांचं मत वेगळं होतं. ऑगस्ट १८७७ मध्ये त्यांनी पिट्सबर्गमधल्या एका तारकंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. मुद्दा पूर्ण इंजिनियरचा होता. वेगळी घंटा बसवायची गरज नाही, कारण ‘हॅलो’ ही हाक दहा ते वीस फुटांवरूनही ऐकू येते. म्हणजे खर्च वाचवण्यासाठी सुचवलेला हा शब्द!

जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. त्याच वर्षीच्या त्यांच्या डिरेक्टरीत सूचना छापली होती की बोलणं ‘हल्लोआ’ म्हणून सुरू करा आणि संपल्यावर ‘दॅट इज ऑल’ म्हणा. दुसरी सूचना कुणी पाळली नाही. पहिली जगाने पाळली. एक्स्चेंजमध्ये जोडणी करून देणाऱ्या मुलींना तर ‘हॅलो गर्ल्स’ असंच नाव पडलं.

१८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रासमध्ये एक्स्चेंज सुरू झाली. तारेबरोबर तो शब्दही आपल्याकडे आला आणि इतका मुरला की इंग्रजीचा गंध नसलेली माझी आजीसुद्धा फोन उचलून आधी ‘हालो’ म्हणायची, मग ‘कोण बोलतंय?’ फोनवर पलीकडे सावकार आहे की हमाल, तिला दिसायचं नाही. सगळ्यांना एकच हालो. क्वेकरांना तुरुंगात जाऊन जे पुरतं साधलं नाही, ते एका तारेने थोडंफार साधलं.

जाता जाता, माझ्या धंद्यातलं सांगतो. १९७८ मध्ये आलेल्या सी भाषेच्या पुस्तकामुळे ‘हॅलो वर्ल्ड’ हा जगभरच्या प्रोग्रामरचा पहिला धडा झाला. आणि तुम्ही फोनवर बँकेचं ॲप उघडता, तेव्हा सुरक्षित जोडणी करताना तुमचा फोन जो पहिला संदेश पाठवतो, त्याचं अधिकृत नाव ‘क्लायंट हॅलो’. पलीकडून उत्तर येतं, ‘सर्व्हर हॅलो’. यंत्रंसुद्धा नमस्कार केल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत.

हाय, व्हॉट्स अप आणि हिरवं ॲप

‘हाय’ही मुळात लक्ष वेधून घेणारी हाकच. भेटल्यावरचं अभिवादन म्हणून तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दिसू लागला.

‘व्हॉट्स अप’चा मूळ अर्थ ‘काय झालं? काही गडबड आहे का?’ असा होता. १९४० च्या ‘अ वाइल्ड हेअर’ या कार्टूनमध्ये बग्ज बनी नावाचा ससा गाजर चावत बंदूक घेऊन आलेल्या शिकाऱ्याला निवांतपणे ‘व्हॉट्स अप, डॉक?’ असं विचारतो. जीव जायची वेळ आणि हा ‘काय चाललंय?’ विचारतोय, म्हणून लोक हसले. दिग्दर्शक टेक्स एव्हरी टेक्ससचे. त्यांच्या शाळेतली पोरं असंच बोलायची. मग १९९९ च्या शेवटी एका बिअरच्या जाहिरातीत चार मित्र फोनवर एकमेकांना जीभ बाहेर काढून ‘वाझाऽऽप’ ओरडले आणि ते लोण पसरलं. आणि २००९ मध्ये जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांच्या ॲपला नाव मिळालं ते याच शब्दाशी खेळून. तुम्ही रोज ज्या ॲपवर ‘जेवलास का?’ विचारता, त्याचं नावच मुळी ‘काय चाललंय?’ आहे.

मग उत्तर काय द्यायचं?

ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिले होते. १९२३ मध्ये त्यांनी एका निबंधात अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. हवा, तब्येत, ‘कुठे निघालात?’ अशा बोलण्यातून माहिती मिळत नाही. मिळतो तो संबंध. मी आहे, तू आहेस, आपलं वैर नाही, एवढंच त्यातून सांगायचं असतं. आपल्या गावात कट्ट्यावर बसलेला माणूस विचारतो ना, ‘काय, बाजारात का?’ हातात पिशवी दिसत असते, तरी विचारतो. आपण म्हणतो ‘हो’. झालं.

तेव्हा नव्याने इंग्रजी ऐकणाऱ्यांनो, माझा अनुभव असा. तुकडे तोडून शब्द ऐकू नका, अख्खी लकेर ऐका. ‘हाऊ आर यू डुइंग’ हे ‘हावयाडुइन’ असं एका दमात येतं. ‘व्हॉट्स अप’चं कधी नुसतं ‘सप’ उरतं. त्यातले शब्द शोधत बसलात तर माणूस निघून जातो. दुसरं म्हणजे पाय बघा. विचारणारा चालत राहिला तर तो नमस्कार आहे. थांबला आणि तुमच्याकडे वळला, तर कदाचित खरंच विचारतोय. तिसरं, उत्तर छोटं ठेवा. ‘हाऊज इट गोइंग’ला ‘गुड, यू?’ पुरतं. ‘व्हॉट्स अप’ला ‘नॉट मच’. इंग्लंडमधल्या ‘ऑलराइट?’ला नुसतं ‘ऑलराइट’ म्हटलं तरी चालतं, किंवा ‘या, यू?’

आणि ते शेवटचं ‘यू?’ विसरू नका. ते का, हे सांगण्यासाठीच खरं तर हा भाग केलाय.

लीड्सला जाऊन तीन महिने झाले होते. फेब्रुवारी. पहाटे चार वाजता आईचा फोन. पप्पा दुकानातच छातीत दुखून खाली बसले होते, त्यांना सोलापूरला हलवलं होतं. मी सकाळी ऑफिसला गेलो. कुणाला सांगितलं नाही. दोन दिवसांवर रिलीज होतं. मी टीममध्ये सगळ्यात नवा. मला भीती होती की रजा मागितली तर परत पाठवतील आणि पुन्हा ऑनसाइट मिळणार नाही. तेव्हा काय विचार केला, आज सांगताना लाज वाटते.

पॅसेजमध्ये तोच पन्नाशीचा माणूस. ‘ऑलराइट?’ मी म्हणालो, ‘ऑलराइट.’ आणि पुढे गेलो.

दहा मिनिटांनी तो माझ्या डेस्कपाशी आला. हातात चहाचे दोन कप. म्हणाला, तू रोज उलट विचारतोस, आज विचारलं नाहीस. काय झालंय? खुर्ची ओढून बसला. मी सांगितलं. त्याने एक शब्द सल्ला दिला नाही, उठून सरळ लीडकडे गेला. संध्याकाळपर्यंत माझं काम दुसऱ्याकडे गेलं होतं आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट माझ्या मेलमध्ये होतं.

पप्पांची अँजिओप्लास्टी झाली. आता बरे आहेत, दुकानात बसतात, गोड खातात आणि आईचं ऐकत नाहीत.

आमच्या कामात सर्व्हर एकमेकांना ठरावीक सेकंदांनी ‘मी आहे’ एवढंच कळवत राहतात. त्याला हार्टबीट म्हणतात. त्या संदेशात काही नसतं. पण एखादा आला नाही, की लगेच अलार्म वाजतो. तीन महिने मी रोज जे ‘या, यू?’ म्हणत होतो, ते मला पोकळ वाटत होतं. एक दिवस ते गेलं नाही आणि त्या माणसाला कळलं.

तेव्हापासून मी त्या लोकांना उद्धट म्हणत नाही. आणि कट्ट्यावरच्या ‘काय, बाजारात का?’लाही नुसतं ‘हो’ म्हणून पुढे जात नाही. ‘हो, तुम्ही कसे आहात?’ म्हणतो.

तुमच्या गावात, तुमच्या बोलीत भेटल्यावर काय म्हणतात? आणि इंग्रजी नमस्काराने तुमची कधी फजिती केली असेल तर तीही सांगा. एक छोटा व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.

चला, येतो!